हरकती आणि सूचना : कागदावरची नवी मुंबई

मागच्या भागात मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी किल्ल्यांवर बोलू. ते जरा राहू द्या. मधल्या एका रविवारी मी एक प्रदर्शन बघायला गेलो आणि तिथून डोक्याला जो भुंगा लागलाय तो अजून सुटलेला नाही. त्यामुळे आज किल्ले नाहीत, आज माझं स्वतःचं शहर. ट्रान्सहार्बरने ऑफिसला जाता जाता ऐकत असाल तर अधूनमधून खिडकीबाहेर बघा, कारण ज्या जमिनीबद्दल बोलतोय ती तिथेच आहे.

प्रदर्शन होतं मुंबईतल्या एका आर्किटेक्चर कॉलेजचं. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट, आणि सगळ्यांना विषय एकच: २०७० सालचं आपलं शहर. माझा आर्किटेक्चरशी संबंध शून्य. मी बीटेकवाला, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दुरुस्त करतो. सोबत कॉलेजातला एक मित्र होता. तो घणसोली गावचा, आगरी. मी कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतला. आमच्या दोघांच्या घरांमध्ये रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर, आणि तरी हे शहर आम्हाला दोघांना अगदी वेगवेगळ्या दारांनी मिळालंय. ते पुढे सांगतो.

तर हॉलमध्ये टेबलांवर मॉडेल मांडली होती. लाकूड, ॲक्रिलिक, फोम, त्यावर छोटे छोटे दिवे. काम बघून खरंच तोंडात बोटं जातील असं. एका मॉडेलसमोर आम्ही थांबलो. अटल सेतू जिथे उरणच्या बाजूला उतरतो त्या भागात एक अख्खं नवं शहर. भरतीचं पाणी आत घेणारे कालवे, छतांवर शेती, मधून ट्राम. बनवणारी मुलगी शेजारीच उभी, फार तर बावीस-तेवीस वर्षांची, आणि दोन रात्रींची झोप बाकी असल्यासारखी दिसत होती. तिने सगळं छान समजावलं. मित्र मात्र मॉडेलच्या एका कोपऱ्यात वाकून बघत होता. तिथे रंग नव्हते, दिवे नव्हते. पांढऱ्या फोमचे बारीक चौकोनी तुकडे दाटीवाटीने चिकटवलेले होते, आणि बोर्ड संपला तिथे तेही अर्धे कापले गेले होते.

"हे पांढरं काय आहे?"

"ते कॉन्टेक्स्ट आहे," ती म्हणाली. "म्हणजे एक्झिस्टिंग. जे डिझाइनचा भाग नाही, ते आम्ही पांढरं ठेवतो."

"माझं आजोळ आहे ते," मित्र म्हणाला.

तो चिडून बोलला नव्हता, हसतच बोलला. पण मुलीचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "सॉरी, मला गावठाणाची ड्रॉइंग मिळालीच नाहीत. सॅटेलाइटवरून जेवढं दिसलं तेवढं कापलं." मला ते उत्तर आवडलं, कारण ते प्रामाणिक होतं. आणि मला हेही ठाऊक होतं की या खाडीपलीकडे असं पहिल्यांदा झालेलं नाही. साठ वर्षांपूर्वी तीन हुशार माणसांनी याच पाण्याच्या काठावर एक भविष्य काढलं होतं. मी ज्या घरात वाढलो ते त्याच भविष्यातलं.

मुंबईला भविष्य "दाखवायची" हौस तशी जुनीच. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिकच्या त्या पायऱ्यांवर आपण फोटो काढतो ना, त्या इमारतीत, "आयडियल होम" नावाचं प्रदर्शन भरलं होतं. उद्याचं घर कसं असावं, स्वयंपाकघर कसं, न्हाणीघर कसं, असं सगळं. भरवणारी संस्था इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. तिचं मूळ १९१७ मध्ये जे.जे.च्या आर्किटेक्चरच्या जुन्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या संघटनेत आहे. म्हणजे शाळेतली मुलं भविष्य मांडतात आणि लोक रविवारी बघायला जातात, ही परंपराच झाली. पण तेव्हा प्रश्न एका घराचा होता. १९६४ मध्ये प्रश्न अख्ख्या शहराचा झाला.

१९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या भरली साडेएक्केचाळीस लाख. दहा वर्षांपूर्वी ती तीस लाखांच्या आसपास होती. मुंबईचा आकार डोळ्यांसमोर आणा. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली पट्टी. आणि सगळी ऑफिसं, बँका, बंदर, सरकार कुठे? तर अगदी त्या निमुळत्या टोकाला. सकाळी सगळं शहर दक्षिणेकडे धावणार, संध्याकाळी उत्तरेकडे. उपनगरं जितकी वाढतील तितकी ही बाटलीची मान आणखी आवळणार.

महापालिकेने १९६४ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. शाळा इथे, बाग तिथे, रस्ता एवढा रुंद, अशी आरक्षणं. आणि कायद्याप्रमाणे त्यावर लोकांकडून "हरकती व सूचना" मागवल्या. हे दोन शब्द लक्षात ठेवा. आजही पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात अशी जाहिरात येते, आणि ती कोणी वाचत नाही. ज्याच्या प्लॉटवरून रस्ता जातोय तो सोडून. तोही वाचतो तेव्हा बहुतेक मुदत गेलेली असते.

पण तेव्हा तिघांनी ती गंभीरपणे घेतली. चार्ल्स कोरिया, आर्किटेक्ट, मिशिगन आणि एमआयटीत शिकून आलेले. प्रवीणा मेहता, त्याही आर्किटेक्ट, जे.जे.मधून निघून पुढे शिकागोला शिकलेल्या. आणि शिरीष पटेल, सिव्हिल इंजिनिअर, केंब्रिजचे. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, देशातला पहिला म्हणून ओळखला जातो तो, पटेलांच्या डिझाइनचा. कोरिया आणि पटेल तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले. आपल्याच वयाचे म्हणा ना, चार-पाच वर्षं इकडेतिकडे. आपण त्या वयात मॅनेजरच्या ईमेलला उत्तर द्यायला घाबरतो.

त्यांची हरकत "ही बाग इकडे नको, तिकडे हवी" अशी नव्हती. ते म्हणाले, नकाशाच चुकीच्या जागी संपतोय. महापालिकेची हद्द खाडीपाशी संपते म्हणून शहराचा विचारही खाडीपाशीच संपवलाय. उत्तरेकडे आणखी उपनगरं जोडत गेलात तर दक्षिणेवरचा ताण वाढतच जाणार. त्याऐवजी बंदराच्या पलीकडच्या मुख्य भूमीकडे वळा. शहर उत्तर-दक्षिण ताणण्याऐवजी पाण्याभोवती वाढू द्या, म्हणजे मधे बंदर आणि दोन्ही काठांवर शहर. पलीकडे एकच मोठा फोर्ट न करता रेल्वेच्या माळेत ओवलेली छोटी छोटी नगरं करा, आणि प्रत्येक नगरात राहायची सोयही असावी आणि कामही.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती, हेही सांगायला हवं. १९४८ च्या मोडक-मेयर आराखड्यात शहराबाहेर पसरण्याचा विचार होता. बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल सुचवला होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने येऊ लागले होते. वाढ तिकडे सरकणारच होती. या तिघांनी त्या विखुरलेल्या गोष्टी एका चित्रात बसवल्या आणि म्हटलं, हे नशिबावर सोडू नका, आधीच ठरवून करा.

आणि चित्र लोकांपुढे कसं मांडलं? मुल्कराज आनंद तेव्हा "मार्ग" हे कलेचं नियतकालिक चालवत होते. जून १९६५ चा अख्खा अंक त्यांनी मुंबईला दिला. अजिंठा, मंदिरं, लघुचित्रं छापणाऱ्या त्या देखण्या अंकात एकदम रेल्वेमार्ग आणि लोकसंख्येचे आलेख! माझ्या मते ते प्रदर्शनच होतं, फक्त हॉलऐवजी कागदावर भरवलेलं. सरकारी फाइलमध्ये गेलेली हरकत फाइलमध्येच मेली असती. छापून आलेला नकाशा मात्र मंत्र्याच्या टेबलावरही पोचतो आणि संपादकाच्याही.

त्यानंतर गोष्टी हलल्या. गाडगीळ समितीने १९६६ मध्ये मुख्य भूमीवर विकेंद्रीकरणाची शिफारस केली. मग प्रादेशिक नियोजन मंडळ, मग १९७० चा प्रादेशिक आराखडा. आणि १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले, पटेल नियोजनाचे संचालक. हरकत घेणाऱ्यालाच बोलावून "चल, आता तूच करून दाखव" असं सरकारने म्हटल्याची उदाहरणं आपल्याकडे किती असतील? मला तरी दुसरं चटकन आठवत नाही.

आता पैशाचा भाग. जरा कंटाळवाणा वाटेल, पण सगळी गोम तिथेच आहे. एवढं शहर बांधायला पैसा आणणार कुठून? उत्तर होतं: जमिनीतून. शेतजमीन शेतजमिनीच्या भावाने घ्यायची. तिथे रस्ते, पाणी, वीज, पूल आणायचे. मग तिची किंमत वाढते. वाढलेल्या भावाने प्लॉट विकायचे, त्यातून पुढचे रस्ते करायचे आणि गरिबांची घरंही स्वस्तात काढायची. किंमत शहरामुळे वाढलीय, तर वाढलेला पैसा शहराला मिळावा, सट्टेबाजाला नाही. कागदावर हे इतकं नीट बसतं की आमच्याकडे कोणी असं डिझाइन मांडलं तर मी लगेच अप्रूव्ह करीन. आणि पाच मिनिटांनी कोणीतरी ज्युनिअर विचारील, "सर, सुरुवातीचा इनपुट कुठून येतोय?"

सुरुवातीचा इनपुट म्हणजे ९५ गावं. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंचाण्णव गावं येत होती. सरकारी जमीन होती, पडीक होती, पण जवळजवळ निम्मी जमीन खासगी मालकीची होती, म्हणजे खारभाताची शेतं आणि मिठागरं. माणसं आगरी, कोळी, कराडी. पावसात भात, उन्हाळ्यात मीठ, बारा महिने खाडीची मासळी. वरून काढलेल्या फोटोत ती जमीन रिकामी दिसते, कारण तिच्यावर इमारत नसते. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या घातलेले बांध मात्र असतात. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध, आणि आतलं पाणी बाहेर सोडायला उघाड्या. पनवेल-उरणकडच्या श्रोत्यांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी समजून घ्या की ते पाण्याचं इंजिनिअरिंगच होतं, फक्त ड्रॉइंग नव्हतं.

संपादन झालं १८९४ च्या इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याखाली. त्यात एक मेख होती. भाव कोणत्या दिवसाचा धरायचा, तर अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. १९७० मध्ये अधिसूचना निघाली आणि प्रत्यक्ष निवाडा बऱ्याच वर्षांनी झाला, तरी भाव १९७० च्या आसपासचाच. मधे शेजारी पूल झाला, सेक्टर झाले, प्लॉटचे दर कुठल्या कुठे गेले. शेतकरी रोज बघतोय की आपल्या बांधापलीकडची जमीन काय भावाने विकली जातेय, आणि त्याच्या नावाचा भाव मात्र जुन्या तारखेला गोठलेला.

कागदावर हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. सिडकोच्या उद्दिष्टांमध्ये स्थानिक लोकांना प्रशिक्षण आणि सोयी देऊन नव्या शहरात सामावून घ्यायचं, असं एक कलम होतंच. पण आराखडा काढताना जुनी गावठाणं बाजूला ठेवली गेली. सेक्टर, नोड, स्टेशन यांची आखणी झाली आणि गावठाणं मधे मधे बेटांसारखी राहिली. आमच्या भाषेत "आउट ऑफ स्कोप". स्कोपबाहेर ठेवलेली गोष्ट नाहीशी होत नाही, हे कोणत्याही डेव्हलपरला विचारा. ती वाढते, आणि पाच वर्षांनी रात्री दोन वाजता फोन करून उठवते. कुटुंबं वाढली, शेत गेलं, नवीन घर बांधायला जागा फक्त गावठाणात आणि त्याच्या कडेला. मग घराला घर, भिंतीला भिंत, वर मजले. त्यांना आज "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात आणि ती नियमित करायची का, यावर अजून निवडणुका लढवल्या जातात. घणसोलीत मित्राच्या घरापर्यंत जायला जी बोळ आहे तिच्यातून बुलेट नेताना आरसे दुमडावे लागतात. बाहेर पडून शंभर पावलं चाललं की सहापदरी रस्ता.

मग जानेवारी १९८४. उरणच्या बाजूला सिडकोबरोबर न्हावा-शेवा बंदरासाठीही जमीन जात होती. दि. बा. पाटील जासईचे, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते. त्यांच्या मागे गावंच्या गावं रस्त्यावर आली, बायाबापड्यांसकट. मागणी एवढीच: रास्त भाव द्या, आणि विकसित जमिनीत आमचा वाटा ठेवा. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. जासईला त्यांचं स्मारक आहे, दर १६ जानेवारीला तिथे माणसं जमतात. मित्राची आजी त्या मोर्चात होती. तिला तारीख विचारली तर सांगता यायची नाही, पण त्या दिवशी पायातली एक चप्पल कुठे राहिली ते ती बरोबर सांगायची.

त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. देशात इतरत्र विस्थापितांच्या चळवळी हिचं उदाहरण देतात आणि ते रास्तच आहे. पण थोडं खाली वाचा. त्यातून सामाजिक सोयींसाठी तीस टक्के कपात, म्हणजे हातात पावणेनऊ. अंमलबजावणी १९९० च्या दशकात. तोवर वारस वाढलेले, कोर्टात वाद, आणि प्लॉट मिळायच्या आधीच बिल्डर दारात कागद घेऊन उभा. कित्येकांनी प्लॉटचा चेहरा न बघताच सही केली.

मघाशी म्हटलं, जमिनीचा पैसा शहराला मिळावा, अशी कल्पना होती. त्या कल्पनेत जिची जमीन ती बाई "शहर" या शब्दात बसते की नाही, एवढाच प्रश्न १९६५ च्या नकाशात राहून गेला होता. तो नकाशावर आणायला वीस वर्षं आणि पाच जीव लागले.

आता तुम्ही म्हणाल, मग हा सगळा प्रकार वाईटच का? मी तसं म्हणूच शकत नाही, कारण मग मला स्वतःलाच खोडावं लागेल. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. आजोबांच्या बहिणीचं घर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. (शिरीष पटेलांनी उमेदीच्या काळात कोयना धरणावर काम केलं होतं, हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा फिरून आलो.) वडील मुंबईत मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे, झोपायला गाळ्यात पाळीपाळीने जागा. १९८१ च्या सुमारास कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला हलला, आणि मागोमाग बाकीचे बाजारही टप्प्याटप्प्याने आले. दक्षिण मुंबईतली घाऊक बाजारपेठ इकडे आणायची, हे त्याच मूळ विचारातलं काम. बाजारामागे माथाडी आले, माथाड्यांसाठी कोपरखैरणेत छोटी घरं निघाली. त्यातलं एक आमचं. वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं, ज्याला आतून कडी लागते. त्या दारामागे बसून मी बारावी केली. ते दार ज्या जमिनीवर उभं आहे तिथे कोणाचं तरी भाताचं शेत होतं. मित्र कधीतरी थट्टेत म्हणतो, "भाडं दे." मी चहा पाजतो.

आणि जे ठरवलं ते सगळं झालंच असंही नाही. या योजनेचा कणा होता सरकार. तेव्हाचं सचिवालय, म्हणजे आजचं मंत्रालय, खाडीपलीकडे न्यायचं. सरकार हललं की त्यामागे ऑफिसं हलतील, ऑफिसांमागे माणसं. सरकार हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे राहत होते आणि ते प्लॉट सरकारच देत होतं. एका हाताने गर्दी तिकडे पाठवायची आणि दुसऱ्या हाताने इकडे बोलवायची! कोरिया आणि पटेल १९७४ च्या सुमारास सिडकोतून बाहेर पडले. खाडीपूल १९७३ ला झाला, पण रेल्वे वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. शहराची माळ ज्या दोऱ्यात ओवायची तो दोराच वीस वर्षं उशिरा. बाकी मणी तोवर बसमध्ये लोंबकळत होते.

कोरियांनी नंतर, ऐंशीच्या दशकात, बेलापूरला एक वसाहत केली, आर्टिस्ट व्हिलेज म्हणून तुम्हाला माहीत असेल. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून मोठं अंगण. कोणाचीही भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं. आज तिथे गेलात तर मूळ घरं शोधावी लागतात, लोकांनी मजले चढवलेत. काही आर्किटेक्ट त्याबद्दल हळहळतात. मला ते काही पटत नाही. वाढवायलाच दिलं होतं ना? माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो. वाढत्या घराची ही समज गावठाणांना तेव्हाच लावली असती तर? तिथली घरंही अशीच वाढली. एका वाढीला आर्किटेक्चरच्या पुस्तकात धडा मिळाला, दुसरीला नोटीस.

परत त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये येऊ. मित्राचं आजोळ उरण तालुक्यात आहे हे मी सांगितलं. उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांवर आता नवं शहर ठरलंय, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी एमएमआरडीएला तिथलं नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. पेपरवाले "तिसरी मुंबई" म्हणतात. आकडे बघा, दुसऱ्या मुंबईएवढीच जागा, पण गावं जास्त. मामांच्या गावात हरकती गेल्या, सभा झाल्या, बॅनर लागले. पण हरकत म्हणजे काय, तर टाइप केलेला अर्ज आणि खाली सह्या-अंगठे. "आमची जमीन घेऊ नये." साहेब वाचतो, फाइलला लावतो. १९६४ मध्ये तिघांच्या हरकतीबरोबर नकाशा होता. फरक मला तिथे त्या मॉडेलसमोर उभं राहून पहिल्यांदा नीट दिसला.

मी त्या मुलीला विचारलं, "पांढरं आहे ते रंगवायला किती वेळ लागेल?" तिला आधी वाटलं मी टोमणा मारतोय.

तीन आठवड्यांनी ती आली. सोबत तिचे दोन वर्गमित्र, लेझरचं मोजयंत्र, आणि मी हरकाम्या म्हणून. ज्युरी होऊन गेली होती, मार्क लागले होते, त्यामुळे याचा तिला काही उपयोग नव्हता. तिचं म्हणणं असं की मॉडेल घरी पलंगाखाली ठेवलंय आणि तो कोपरा डोळ्याला खुपतो. आम्ही सकाळी देवळापासून सुरुवात केली. मोबाइलवर जीपीएसचे बिंदू घ्यायचं काम माझं, आयुष्यात पहिल्यांदा माझी डिग्री त्या मामांना कामाची वाटली असावी. तळं, विहीर, शाळा, होळीची जागा, जाळी सुकवायची जागा, कोणाचं घर कोणत्या साली वाढलं. मुलांनी घरं मोजायला घेतली तेव्हा बायका आधी दारं ओढून घेत होत्या, "बिल्डरची माणसं" म्हणून. मग मामींनी ओरडून सांगितलं की कॉलेजची पोरं आहेत, आणि पुढच्या प्रत्येक घरात चहा. सहावा चहा नाकारला तर एका आजींनी वाटीत वाकट्यांचं सुकं आणून दिलं.

दुपारी मामा आम्हाला गावाच्या मागे बांधावर घेऊन गेले. सॅटेलाइटवर तिथे फक्त एक रेघ दिसते. प्रत्यक्षात उंच मातीचा बांध, एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला शेत, आणि मधे दगडी चौकटीत बसवलेली लाकडी फळीची उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर, भरतीला फळी बंद. मुलीने वही काढली आणि बराच वेळ ती बघत बसली. तिच्या मॉडेलमध्ये भरतीचं पाणी आत घेणारे कालवे होते, आठवतंय ना? ते नेमके या बांधावरून जात होते.

"ही दाखवा बरं का नीट," मामा म्हणाले. "ही बुजवली का पयल्या पावसात सगला पानी देवलात."

नकाशा आता तयार आहे. ए-एक आकाराचा, खाली मराठीत सूची, उघाडी लाल रंगात. ग्रामसभेच्या ठरावाला जोडून दिलाय, मामांनी पोच घेतलीय, शिक्का जरा तिरका पडलाय पण तारीख वाचता येते. पोचेचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये होतो आणि समोर कोणीतरी म्हणत होतं की हे पुढच्या फेजमध्ये बघू.

मुलगी आता दुसऱ्या गावाचं विचारतेय. १२४ मधलं एक झालं. तुमच्यापैकी कोणाचं गाव त्यात असेल आणि एखादा रविवार मोकळा असेल, तर मोजायला माणसं लागतात, आर्किटेक्ट असण्याची अट नाही. चपला मात्र चिखलाच्या घालून या.

पुढचा भाग किल्ल्यांवर. या वेळी नक्की.